बेणारेबाईंच्या खटल्यात तुम्ही कोण?

जोगेश्वरीहून लोकल पकडली, की अंधेरीनंतर पार्ले. याच पार्ल्याला अभिरूप खटल्याचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींशी झालेल्या गाठीतून विजय तेंडुलकरांना ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ सुचलं. 1967 साली ‘रंगायन’ने ते रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, खटल्यातल्या आरोपी, शिक्षिका असलेल्या बेणारेबाई रंगवल्या सुलभा देशपांडे यांनी. सुलभाताई स्वतः शिक्षिका होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

अकरावी-बारावीच्या मुलांना पात्रांचे दृष्टिकोन शिकवायला यापेक्षा चांगलं नाटक मला माहीत नाही. नुसतं ‘स्वभावचित्रण करा’ म्हटलं की मुलं विशेषणं लिहितात. त्याऐवजी प्रत्येकाला एक पात्र द्या आणि खटल्याची हकीकत त्याच्या तोंडून, ‘मी’ म्हणून लिहायला सांगा. न्यायाधीश झालेल्या काशीकरांच्या आश्रयावर जगणारा रोकडे काय बोलेल? सतत गप्प बसवल्या जाणाऱ्या काशीकरबाई बेणारेवर एवढ्या का तुटून पडतात? मग विचारा: या पात्राला प्रत्यक्ष ठाऊक काय, आणि ऐकीव काय? उत्तराला संवादाचा आधार हवाच.

सामंत तर कादंबरी वाचून साक्ष देतो! तो खोटारडा नाही, भाबडा आहे. तरीही त्याची साक्ष बेणारेवर उलटते. हेतू आणि परिणाम यांतला फरक मुलांना इथे लख्ख दिसतो.

ज्यांच्याशी असलेल्या संबंधांवरून बेणारेला दोषी ठरवलं जातं, ते प्रोफेसर दामले मंचावर येतच नाहीत. त्यांचं निवेदन सर्वांत शेवटी लिहून घ्या. वर्गात खरी वादावादी तिथेच सुरू होते.