साहित्य संमेलन : हिराबागेतून विश्व संमेलनाकडे

नांदेड जिल्ह्यातील उमरी हे गाव मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील एक लहानसे स्थानक आहे. या मार्गाचे एक टोक महाराष्ट्रात, तर दुसरे निजामांच्या जुन्या राजधानीत. मराठी, तेलुगू, उर्दू अशा तीन भाषा कानी पडणाऱ्या या सीमावर्ती भागातील वाचकाला साहित्य संमेलन ही पुण्या-मुंबईची बाब वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, संमेलनाचा इतिहास पाहिला असता त्याच्या वाटचालीत मराठवाड्याचा वाटा मोठा असल्याचे दिसून येते.

प्रारंभ आणि पहिला आक्षेप

मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन 1878 साली पुण्यातील हिराबागेत भरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्याचे अध्यक्ष होते आणि लोकहितवादी गोपाळराव देशमुख यांचा त्यास पुढाकार होता. दुसरे संमेलन 1885 साली पुण्यातच भरले. त्याचे निमंत्रण महात्मा जोतीराव फुले यांनी नाकारले. ज्या ग्रंथकारांच्या लेखनात शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांचा विचार नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. संमेलन नेमके कोणाचे, हा प्रश्न अशा रीतीने आरंभीच उपस्थित झाला. पुढील संपूर्ण इतिहास हा एका अर्थाने त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

निजामी राजवट व मराठवाडा

1906 साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली आणि संमेलनाला संस्थेचा आधार लाभला. 1931 साली संमेलन हैदराबादला भरले. ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर त्याचे अध्यक्ष होते. त्या काळी संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले. उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मराठी ही संस्थानातील लक्षावधी प्रजाजनांची मातृभाषा असूनही तिला राजाश्रय नव्हता. अशा परिस्थितीत साहित्यिक मेळावा हे भाषेच्या अस्तित्वाची जाणीव टिकवून धरण्याचे साधन होते.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे 1957 साली, अखिल भारतीय संमेलन प्रथमच मराठवाड्याच्या भूमीवर, तेव्हाच्या औरंगाबादेत, अनंत काणेकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले. 1961 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळात पुणे, मुंबई व नागपूर येथील संस्थांच्या बरोबरीने मराठवाडा साहित्य परिषदेलाही स्थान मिळाले.

त्यानंतर अंबाजोगाई (1983), नांदेड (1985), परभणी (1995), उस्मानाबाद (2020) व उदगीर (2022) येथे संमेलने झाली. या यादीतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अंबाजोगाईचे अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर व नांदेडचे अध्यक्ष शंकर पाटील हे दोघेही ग्रामीण जीवनाचे कथाकार होते, तर परभणीचे अध्यक्ष नारायण सुर्वे हे कामगारांचे कवी होते. संमेलनाची जागा बदलत होती, तसे त्याचे अध्यक्षपदही नव्या समाजघटकांकडे येत होते.

सागरापलीकडे

2008 साली महामंडळाने वार्षिक संमेलन अमेरिकेत घेण्याचे ठरविले. सामान्य वाचकाला तेथे जाणे कसे परवडणार, असा सवाल उठला व मोठा वाद झाला. अखेरीस वार्षिक संमेलन 2009 साली महाबळेश्वरला झाले आणि अमेरिकेतील सॅन होजे येथे त्याच वर्षी पहिले स्वतंत्र विश्व साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. गंगाधर पानतावणे. ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाद्वारे दलित लेखकांना व्यासपीठ देणारे पानतावणे यांची कर्मभूमी मराठवाडा होती. फुल्यांनी 1885 साली उपस्थित केलेल्या प्रश्नाला हे एक उशिराचे, पण बोलके उत्तर म्हणता येईल.

पुढील विश्व संमेलने दुबई (2010) व सिंगापूर (2011) येथे झाली. चौथे 2015 साली अंदमानात भरले. त्याचे अध्यक्षपद नांदेडचे विचारवंत प्रा. शेषराव मोरे यांनी भूषविले. म्हणजे चार विश्व संमेलनांपैकी दोहोंचे अध्यक्ष मराठवाड्यातील होते. हे संमेलन मात्र दरवर्षी नियमित होऊ शकले नाही. दूरच्या देशी जाण्याचा खर्च आणि यजमान संस्थेवरील भार हे त्यातील प्रश्न उघड आहेत. 2023 सालापासून राज्य शासनाने विश्व मराठी संमेलन सुरू केले. ते प्रथम मुंबईत भरले आणि 2025 साली पुण्यात. येथे परदेशस्थ मराठी माणूस मायभूमीत येतो.

गावाचा वाटा

संमेलन तीन दिवसांत आटोपते. गावचे वाचनालय मात्र वर्षभर चालू शकते. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या शासकीय ग्रंथोत्सवास शिक्षकांनी विद्यार्थ्यांना नेणे, तेथून शाळेसाठी व वाचनालयासाठी पुस्तके निवडणे, पंचायतीने वाचनालयाला जागा व वीज उपलब्ध करून देणे, ही कामे लहान दिसली तरी मोलाची आहेत. संमेलन कोणाचे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर केवळ व्यासपीठावर मिळत नाही. उमरीसारख्या गावातील एखाद्या मुलीच्या हाती पुस्तक पडते आणि त्यात तिला आपली बोली, आपले शिवार भेटते, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने मिळते.