सायकलची सीट मऊ नको, मापाची हवी

महाडपासून पोलादपूर सुमारे 18 किलोमीटर. तिथून डाव्या हाताला वळून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, आणि सरळ गेले की कशेडी ओलांडून खेड. या रस्त्यांवर सायकल पूर्वीही होती, आजही आहे. बिरवाडीच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जाणारा कामगार, शाळा-कॉलेजची मुले, आणि अलीकडे सुट्टीच्या दिवशी हौसेने पन्नास-शंभर किलोमीटर सायकल मारणारे तरुण. या सर्वांशी आम्ही बोलतो तेव्हा एक तक्रार सारखी कानावर येते. 'पाय दमत नाहीत हो, पण बसवत नाही!'

ही तक्रार चारचौघांत बोलायची लाज वाटते. दुखणे नको त्या जागेचे. त्यातून आपल्या कष्टकरी माणसांना सोसायची सवय फार जुनी. दुखले तरी दात-ओठ खाऊन चालवायचे आणि एक दिवस कंटाळून सायकल भिंतीला लावून टाकायची. मग रोजचे रिक्षाचे नाहीतर एस.टी.चे भाडे सुरू होते. आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, आम्हाला हिशेब आधी दिसतो. महिन्याचे भाडे मांडून पाहा म्हणजे सायकलच्या सीटचा प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. म्हणूनच वाचकहो, आज लाज बाजूला ठेवून या विषयावर थोडे स्पष्ट बोलू.

दुखते का?

खुर्चीवर बसतो तेव्हा आपले वजन मांड्यांसह सगळ्या बैठकीवर पसरते. सायकलवर मांड्या सतत हलत्या असतात, त्यामुळे त्यांचा आधार नसतो. सारा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. कडक बाकावर बसून दोन्ही हात बुडाखाली घाला, ती दोन टोकदार हाडे लगेच लागतील. निसर्गाने ती भार घेण्यासाठीच दिली आहेत. त्यांच्या मधला भाग मात्र नाजूक. तिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. हाडे सीटवर नीट टेकली नाहीत तर भार या मधल्या भागावर येतो. मग मुंग्या येतात, जागा बधिर होते.

आता बहुतेक लोक काय करतात? दुखते म्हणून दुकानात जातात आणि जाडजूड गादीची सीट किंवा स्पंजचे कव्हर आणतात. अंगठ्याने दाबून पाहायला ते छान लागते. पहिले दोन-चार किलोमीटर बरेही वाटते. पुढे काय होते? हाडे स्पंजमध्ये रुततात आणि मधला स्पंज वर येऊन नेमका नाजूक जागेला दाबतो. म्हणजे पैसे देऊन दुखणे विकत घेतले! बाजारात जाऊन परत यायला मऊ सीट चालेल, लांबच्या रस्त्याला तिचा उपयोग नाही.

माप घरीच घ्या

चपलेचे माप पाहिल्याशिवाय आपण चप्पल घेत नाही. सीटलाही माप असते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, तो कडक बाकावर ठेवा आणि पातळ कपड्यांत त्यावर बसा. थोडे पुढे वाका, पाय किंचित उचला, मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. दोन्हींच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टीने मोजा. बहुतेक माणसांत हे अंतर 10 ते 14 सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. त्यात दोन-अडीच सेंटिमीटर मिळवा. सीटच्या मागच्या भागाची रुंदी साधारण तेवढी हवी.

अंगाने जाड त्याला मोठी सीट, हा समज चुकीचा आहे. जाड माणसाची हाडे जवळ असू शकतात आणि सडपातळ माणसाची लांब. स्त्रियांच्या कमरेचा सांगाडा सर्वसाधारणपणे रुंद असतो, म्हणून त्यांना बहुधा थोडी रुंद सीट लागते. घरातली मुलगी भावाची सायकल घेऊन कॉलेजला जात असेल तर तिच्या दुखण्याचे कारण कदाचित हेच असेल. ती आपणहून सांगणार नाही. आई-वडिलांनी विचारावे.

बसण्याची ढबही पाहावी लागते. जुन्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसतो, जवळजवळ सगळे वजन सीटवर असते. तिला मागे रुंद आणि स्प्रिंगची सीट योग्य. खाली वाकलेल्या हँडलच्या सायकलवर थोडे वजन हातांवर जाते, तिथे अरुंद सीट चालते. तिथे रुंद सीट लावली तर मांड्या घासून सोलवटतात.

पान्हा आणि पट्टी

नवी सीट घेण्याआधी आहे तीच नीट बसवून पाहा. याला एक पैसा लागत नाही. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. दोन्ही पायांच्या मध्ये जाड वही घट्ट वर धरा. जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचे माप घ्या आणि त्याला 0.883 ने गुणा. माप 80 सेंटिमीटर आले तर उत्तर 70.6. पायडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत अंदाजे एवढी उंची ठेवा. हा आकडा सुरुवातीचा, त्यात पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे करावे लागते. सीट फार उंच असेल तर पायडल गाठताना कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि कातडी घासते. फार खाली असेल तर गुडघे दुखतात आणि सगळा भार बुडावर पडतो.

दुसरी गोष्ट उताराची. सीटवर गवंड्याची लेव्हल ठेवून ती सपाट आहे का पाहा. नाक वर असेल तर नाजूक जागा दाबते. जास्त खाली असेल तर माणूस पुढे घसरतो, मग मनगटे आणि खांदे भरून येतात. एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन दिवस चालवून बघा.

जगाने काय केले?

हे दुखणे आपल्याच वाट्याला आले आहे असे नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स याने 1866 साली चामड्याच्या सामानाचा धंदा सुरू केला होता. त्याचा घोडा मेला म्हणून तो सायकलवर बसला, सीट टोचली म्हणून स्वतःच चामड्याची सीट तयार केली आणि 1882 मध्ये तिचे पेटंट घेतले, अशी त्या कंपनीची कथा आहे. ताणलेले चामडे हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबते, हे या सीटचे मर्म. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींनाही अशाच सीटा असत.

अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांची तपासणी तिथल्या सरकारी कामगार-आरोग्य संस्थेने केली. तिचा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला. पोलिसांना सहा महिने बिननाकाची सीट दिली. आधी शंभरातले 73 जण बधिरपणा सांगत होते, नंतर 18 उरले. कामाच्या साधनामुळे अंगाला त्रास होत असेल तर कामगाराने सोसायचे नसते, साधन बदलायचे असते. या अभ्यासातून आम्ही तरी हाच धडा घेतो.

लांब पल्ल्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली तीच शर्यत जोडीने पुरी केली. अशा शर्यतीत पायांत कितीही ताकद असली तरी बसवलेच नाही तर पुढे जाता येत नाही.

काळजी

उत्तम सीटवरही नवशिक्याला पहिले दोन-तीन आठवडे थोडे दुखणारच, अंगाला सवय लागावी लागते. मधल्या जाड शिवणीची जीन पँट टाळा. सायकलची गादीवाली चड्डी घेतली तर ती आतून दुसरा कपडा न घालता वापरतात आणि रोज धुतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून रक्त वाहते करा. खड्डा आला की बूड उचला. आपल्या हायवेवर ही संधी भरपूर मिळते! चामड्याची सीट असेल तर कोकणच्या पावसात तिला प्लॅस्टिकची पिशवी बांधा, भिजलेल्या चामड्यावर बसले की ते सैल पडते. घासल्याच्या जागी करट झाले किंवा उतरल्यानंतरही बधिरपणा गेला नाही, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवा आणि तोवर सायकल थांबवा.

20 मार्चला चवदार तळ्यावर सायकलने यायचे अनेक तरुणांच्या मनात असते. 1927 च्या त्या सत्याग्रहाच्या शताब्दीनिमित्त हा उत्साह वाढेल यात शंका नाही. मुंबईहून महाड सुमारे 170 किलोमीटर आहे. अशा वेळी आदल्या दिवशी नवी सीट बसवून निघू नका. निदान महिनाभर आधी माप घ्या, सीट बसवा, महाड-पोलादपूर जाऊन-येऊन 36 किलोमीटरची परीक्षा घ्या. त्यात बसवले तर पल्ला वाढवा, नाही बसवले तर पान्हा हातात घ्या. शरीर दुखते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. ते ऐकावे, मोजावे आणि दुरुस्त करावे.