संगणकीय खेळांची समीक्षा

संगणकीय खेळांची समीक्षा : संगणक, दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा कन्सोल किंवा भ्रमणध्वनी यांवर खेळावयाच्या खेळांचे गुणदोष विवेचून त्यांची प्रत ठरविणारे लेखन. अशा लेखनाच्या शेवटी बहुधा अंक, शेकडेवारी किंवा तारे यांच्या रूपाने निर्णय दिलेला असतो. उत्तम खेळ आणि उघडपणे फसलेला खेळ यांच्याबाबत समीक्षकांचे सहसा एकमत होते. समीक्षेची खरी कसोटी लागते ती मध्यम प्रतीच्या खेळांबाबत. अशा खेळांवरील निर्णयाचा परिणाम ग्राहकाच्या खर्चावर आणि निर्मात्यांच्या उपजीविकेवरही होतो.

स्वरूप : ग्रंथ किंवा चित्रपट यांच्या समीक्षेहून ही समीक्षा काही बाबतींत भिन्न आहे. चित्रपट दोन-तीन तासांत पाहून होतो; खेळ पुरा करण्यास पाच तासांपासून शंभर तासांपर्यंत अवधी लागू शकतो. प्रेक्षक स्वस्थ बसला तरी चित्रपट पुढे सरकतो. खेळ मात्र खेळणाऱ्याच्या कृतीवाचून पुढे जात नाही. त्यामुळे दृश्ये, संगीत व कथानक यांबरोबरच, कळ दाबताच पात्र किती तत्परतेने हालते, अडचणी क्रमाने वाढतात की एकाएकी, पराभव झाल्यास तो स्वतःच्या चुकीने झाला असे वाटते की यंत्रणेच्या दोषाने, यांचाही विचार समीक्षकास करावा लागतो. शिवाय प्रकाशनानंतर खेळात सुधारणा होत राहतात. म्हणून प्रत्येक निर्णय हा खेळाच्या विशिष्ट आवृत्तीपुरता खरा असतो.

मध्यम प्रतीच्या खेळांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारचा खेळ बिनचूक चालतो, त्याचे नियम समजतात आणि काही तास बरे जातात. परंतु इतर खेळांत न मिळणारे असे त्यात फारसे काही नसते. दुसऱ्या प्रकारचा खेळ एका अंगाने उत्कृष्ट आणि दुसऱ्या अंगाने उणा असतो. दोहोंची सरासरी सारखीच येते; मात्र पहिल्यात कल्पकतेचा अभाव असतो, तर दुसऱ्यात कल्पकता असून कारागिरी अपुरी पडलेली असते. हा भेद केवळ अंकावरून कळत नाही. तो स्पष्ट करणे, हे समीक्षकाचे प्रमुख काम होय.

इतिहास : या विषयास वाहिलेली नियतकालिके १९८१ पासून निघू लागली. त्या वर्षी अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गेम्स आणि ब्रिटनमध्ये कंप्यूटर अँड व्हिडिओ गेम्स ही मासिके सुरू झाली. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या फामित्सू या नियतकालिकाने चार समीक्षकांनी प्रत्येकी दहापैकी अंक द्यावेत व एकूण निर्णय चाळिसांपैकी मांडावा, अशी पद्धत रूढ केली. या पद्धतीत चौघांतील मतभेद वाचकास दिसतो, हा तिचा विशेष. समीक्षेची गरज किती होती हे अमेरिकेतील १९८३ च्या मंदीवरून दिसून येते. सामान्य व निकृष्ट खेळांनी दुकाने भरून गेली, खेळ चांगला की वाईट हे विकत घेण्यापूर्वी कळण्याची सोय थोडी होती, ग्राहकांचा विश्वास उडाला आणि घरगुती कन्सोलचा व्यवसाय कोसळला. पुढे निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या यंत्रासाठी खेळ काढणाऱ्या प्रकाशकांवर वर्षाला ठराविक खेळांची मर्यादा घातली आणि मान्यताप्राप्त खेळांवर स्वतःची मुद्रा छापण्यास प्रारंभ केला.

गुणांकन : निरनिराळ्या समीक्षकांचे अंक एकत्र करून त्यांची भारित सरासरी काढणारी मेटाक्रिटिक ही सेवा २००१ मध्ये सुरू झाली. तिची श्रेणी ० ते १०० अशी आहे. चित्रपटाला ६१ ते ८० अंक मिळाल्यास मत ‘सर्वसाधारणपणे अनुकूल’ समजले जाते. खेळाच्या बाबतीत मात्र अनुकूल मत ७५ पासून सुरू होते आणि ५० ते ७४ ही कक्षा ‘संमिश्र’ ठरते. म्हणजे ६५ अंक मिळविणारा चित्रपट चांगला, तर तेवढेच अंक मिळविणारा खेळ मध्यम गणला जातो. महाराष्ट्रातील माध्यमिक शालान्त परीक्षेत ३५ गुणांना उत्तीर्ण, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मिळते. त्या मापाने प्रथम श्रेणीत बसणारा खेळ समीक्षेच्या बाजारात जेमतेम मानला जातो. श्रेणीचा खालचा अर्धा भाग क्वचितच वापरला जात असल्याने ‘दहापैकी सात’ या निर्णयाला ‘चांगला’ आणि ‘नाही घेतला तरी चालेल’ असे दोन्ही अर्थ प्राप्त झाले आहेत.

एका अंकाचेही मोल मोठे असू शकते. फॉलआउट : न्यू वेगस (२०१०) या खेळाच्या निर्मात्या ऑब्सिडियन या संस्थेस मेटाक्रिटिकवर ८५ अंक मिळाल्यास अधिक मोबदला मिळणार होता, प्रत्यक्षात ८४ अंक पडले व तो मोबदला हुकला, असे त्या संस्थेतील एका प्रमुख लेखकाने २०१२ मध्ये जाहीर केले.

महाराष्ट्रातील उदाहरण : मुंबईहून २००१ पासून निघू लागलेल्या डिजिट या इंग्रजी मासिकाने संगणकाच्या सामग्रीबरोबर खेळांचीही परीक्षणे छापली, पुढे त्याच्या जोडीने स्कोर हे केवळ खेळांना वाहिलेले प्रकाशनही निघाले. त्यांत परीक्षणासाठी येणारे खेळ प्रामुख्याने परदेशी असत. भारतीय खेळाची जगभरच्या समीक्षकांनी एकाच वेळी दखल घेतल्याचे ठळक उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा खेळ होय. त्यासाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा केलेला प्रयत्न यशस्वी झाला नव्हता. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी या मुलीची ही कथा असून दुर्गा व विष्णू हे तिचे निवेदक आहेत. राजस्थानी वास्तुशैली, पहाडी चित्रकला आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा तिच्या दृश्यरचनेत उपयोग केलेला आहे.

या खेळावरील मते संमिश्र होती. दृश्ये, संगीत व पौराणिक वातावरण यांची समीक्षकांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. त्याचबरोबर लढाईतील हालचाली अडखळतात, कोडी सोपी आहेत, खेळ थोड्या तासांतच आटोपतो आणि कथा एकाएकी थांबते, हे दोषही त्यांनी नोंदविले. उपर्युक्त दुसऱ्या प्रकारात हा खेळ मोडतो. द गेम ॲवॉर्ड्‌स या पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या नामांकनात २०२० साली त्याचा समावेश झाला, ही गोष्ट सरासरी अंकावरून कोणाच्या ध्यानी आली नसती. निर्मात्यांनी २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती काढली. तीत लढाईची रीत सुधारली आणि हिंदी संवादांची भर घातली. ‘लढाई अडखळते’ या वाक्यावरून काय सुधारावयाचे ते कळते. नुसत्या अंकावरून ते कळत नाही.

ग्राहकांची मते : स्टीम या विक्रीसेवेवर २०१३ पासून ग्राहकांना अभिप्राय देता येतो. तेथे ‘शिफारस आहे’ किंवा ‘नाही’ एवढे दोनच पर्याय असून शिफारशींचे प्रमाण ४० ते ६९ टक्के असल्यास मत ‘संमिश्र’ समजतात. सर्वांना केवळ ‘बरा’ वाटलेला खेळही या पद्धतीत जवळजवळ पूर्ण गुण मिळवू शकतो; उलट निम्म्यांना अतिशय आवडलेला व निम्म्यांना मुळीच न आवडलेला खेळ संमिश्र ठरतो. म्हणजेच हे प्रमाण आवडीची व्याप्ती सांगते, तीव्रता नव्हे. ताऱ्यांच्या पद्धतीतही मते टोकांकडे झुकतात. बंगळूरच्या एका संस्थेने २६ जानेवारी २०२१ रोजी प्रकाशित केलेल्या फौ-जी या भ्रमणध्वनीवरील खेळास आरंभी भरघोस तारे मिळाले आणि काही दिवसांतच त्यांची सरासरी पुष्कळ घसरली. अनेक अभिप्रायांत खेळाची बांधणी बाजूला राहून देशाभिमान, किंवा २०२० मध्ये बंदी घातलेल्या पब्जी मोबाइलशी तुलना, हाच मुख्य विषय झाला. खेळ मध्यम आहे, असे शांतपणे म्हणणाऱ्यास अशा गणनेत स्थान उरत नाही.

या मर्यादा ध्यानी घेऊन काही प्रकाशनांनी अंक देणे सोडून दिले. ब्रिटनमधील युरोगेमरने २०१५ मध्ये अंकांऐवजी ‘अत्यावश्यक’, ‘शिफारसयोग्य’ व ‘टाळावा’ असे शेरे योजिले आणि ज्या खेळांना यांपैकी कोणताच शेरा लागू पडत नाही त्यांचे परीक्षण शेऱ्याविना छापले. मध्यम प्रतीच्या खेळाचा निर्णय वाक्यांतच द्यावा लागतो, याची ती एक प्रकारे कबुलीच होती. तथापि घाईत असलेल्या ग्राहकाची अंकाची मागणी कायम राहिली आणि २०२३ मध्ये त्याच प्रकाशनाने पाच ताऱ्यांची पद्धत स्वीकारली. अंक हा खेळांच्या गर्दीतून निवड करण्यास उपयोगी पडतो; खेळ कोणासाठी बरा, कशात उणा व का, याचे उत्तर मात्र परीक्षणाच्या मजकुरातच शोधावे लागते.