वायफाय येईना? आधी शेजारी विचारा!

‘‘आई, नेट येईना गेलंय!’’

आतल्या खोलीतून लेकीची हाक आली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. आमच्या लातूरच्या घरात ही हाक दिवसातून दोनदा तरी ऐकू येते, आणि एरवी ‘‘थांब गं, येईल’’ एवढ्या उत्तरावर भागतं. त्या दिवशी मात्र भागण्यासारखं नव्हतं. सीईटीनंतरच्या प्रवेशफेरीत कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा तो शेवटचा दिवस होता. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास केलेली पोर लॅपटॉपसमोर रडवेली होऊन बसली होती. हे परगावी गेलेले, मुलगा पुण्याला. त्याला फोन लावला, तर तो तिकडून म्हणतो, ‘‘राउटर बंद करून चालू कर.’’ केला. काही नाही. ‘‘मग फोनचा हॉटस्पॉट लाव.’’ लावला. तोही लॅपटॉपला दिसेना. इकडं आत्याबाई देवापाशी बसल्या, त्या उठेचनात.

शेवटी रिक्षा करून आम्ही मायलेकी गंजगोलाईजवळच्या एका इंटरनेटच्या दुकानात गेलो. तिथं ही रांग! अर्ज भरून झाला तेव्हा मुदत संपायला थोडाच वेळ उरला होता. रात्री शेजारचा कॉलेजातला मुलगा आला. त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं, एक बटण दाबलं, आणि नेट सुरू!

काय झालं होतं ठाऊक आहे? सकाळी मीच फडक्यानं लॅपटॉप पुसला होता. पुसताना विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलं आणि लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं. मी दिवसभर राउटरला बोल लावत होते, आणि तो बिचारा आपलं काम चोख करत होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. घरात मिक्सर बिघडला, गॅसचा बर्नर तुंबला, तर आपण कुणाची वाट बघत नाही. मग याच एका गोष्टीसाठी मुलाची किंवा ह्यांची वाट बघत का बसायचं? दुसऱ्या दिवसापासून मी त्या शेजारच्या मुलाला, लेकीला, लाईन दुरुस्त करायला येणाऱ्या पोराला खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. आज जे सांगते आहे, ते त्यातून गोळा झालेलं आहे. मैत्रिणींनो, हे अवघड नाही. निदान पुरणाची पोळी न फुटू देण्याइतकं तर नाहीच!

पाण्याचं शहाणपण इथंही कामाला येतं

लातूरच्या बाईला पाण्याबद्दल काही शिकवावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आपल्याकडं रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ते दिवस कोण विसरेल? नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? लगेच नळ खोलून बसत नाही. आधी शेजारी विचारतो, ‘‘तुमच्याकडं आलं का हो?’’ त्यांच्याकडंही नसेल तर दोष वरचा. त्यांच्याकडं असेल तर दोष आपल्या घरातला. मग टाकी, व्हॉल्व्ह, नळ असं क्रमानं बघायचं.

इंटरनेटचंही तसंच आहे. ते चार टप्प्यांनी लॅपटॉपपर्यंत येतं. पहिला टप्पा कंपनीची लाईन, दुसरा घरातला डबा म्हणजे राउटर, तिसरा डब्यापासून लॅपटॉपपर्यंतची हवेतली वाट, आणि चौथा खुद्द लॅपटॉप. बिघाड या चारपैकी कुठंतरी असतो. तो कुठं आहे हे कळलं की निम्मं काम झालं. आपण चुकतो ते इथंच. काही न बघता सगळं बंद-चालू करत सुटतो.

शेजारी म्हणजे आपला फोन

लॅपटॉपचा शेजारी म्हणजे घरातला मोबाईल. तो त्याच वायफायला जोडा आणि एखादं नवं पान उघडून बघा. मात्र एक खबरदारी घ्या. फोनमधलं मोबाईल डेटाचं बटण आधी बंद करा. नाहीतर फोन गुपचूप स्वतःच्या सिमवरून नेट घेतो आणि तुम्हाला वाटतं, वायफाय तर उत्तम चाललंय! माझी त्या दिवशी हीच फसगत झाली असती.

फोनवरही नेट येत नसेल तर लॅपटॉप निर्दोष. दोष लाईनचा किंवा डब्याचा. फोनवर येत असेल आणि लॅपटॉपवर येत नसेल तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडं एका खोलीत येतं आणि दुसऱ्या खोलीत येत नाही, तर दोष वाटेचा. आमच्या लॅपटॉपला घरचं वायफायही दिसत नव्हतं आणि फोनचा हॉटस्पॉटही. दोन्ही एकदम कसे बिघडतील? तेव्हाच ओळखायला हवं होतं की लॅपटॉपचेच डोळे मिटलेले आहेत!

डब्यावरचे दिवे वाचायला शिका

आता बहुतेक घरांत काचेच्या बारीक तंतूची, म्हणजे फायबरची लाईन असते. तिच्या डब्यावर तीन-चार दिवे असतात. ‘पॉवर’चा दिवा म्हणजे वीज. ‘पॉन’ हा हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीशी जोडणी ठीक. ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल लागला किंवा लुकलुकू लागला, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही असं समजा. रस्त्याच्या खोदकामात तार तुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल किंवा कपाट सरकवताना ती भिंतीशी दुमडली असेल. काचेचा तंतू तो, घडी घातलेली त्याला चालत नाही. तार दुमडलेली दिसली तर हळूच सैल करा. तरीही लाल दिवा राहिला तर कंपनीला फोन करा आणि ‘‘नेट चालत नाही’’ असं मोघम न सांगता ‘‘एलओएसचा दिवा लाल आहे’’ असं सांगा. माणूस काय ते ओळखतो, आणि ‘‘ताई, बंद-चालू करून बघा’’ हे पालुपद टळतं. एक मात्र लक्षात ठेवा, तार निघाली तर तिच्या टोकात डोळा लावून बघू नका. आतला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. मुलांनाही हे सांगून ठेवा.

दिवे ठीक असूनही नेट नसेल तर डबा बंद करा, ३० सेकंद थांबा, चालू करा आणि ३ मिनिटं हात लावू नका. आपण लगेच चुळबुळ करतो. कुकरची वाफ जिरू द्यावी तसं त्यालाही थोडं थांबू द्यावं.

लाईट गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, म्हणून आपल्या लक्षात येत नाही, पण डबा बंद पडलेला असतो. पुष्कळदा बाहेरची लाईन चालूच असते! इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्यावरच्या सॉकेटला लावून घ्या. नसेल तर राउटरसाठी लहान यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या. बहुतेकांवर १२ व्होल्ट असतं, पण सगळ्यांवर नाही.

नांदेडच्या जाऊबाईंचा कूलर

माझ्या थोरल्या जाऊबाई नांदेडला जुन्या वस्तीत राहतात. दगडमातीच्या जाड भिंतींचं घर, उन्हाळ्यात गार. त्यांची एक ठरलेली तक्रार होती, ‘‘उन्हाळा लागला की आमचं वायफाय मंद होतंय बघ. उन्हानं त्याचं डोकं तापत असेल!’’ मे महिन्यात मी गेले तेव्हा सगळं घर फिरून पाहिलं. राउटर बाहेरच्या खोलीत, आणि तो आणि पुतण्याची अभ्यासाची जागा यांच्या बरोबर मध्ये पत्र्याचा मोठा कूलर! पोटात पाणी, बाजूला ओलं गवत. वायफायच्या लहरींना धातू अडवतो आणि पाणी शोषून घेतं. कूलरमध्ये ही दोन्ही वैऱ्यांची जोडी एकत्र नांदते. पावसाळ्यात कूलर माळ्यावर जाई आणि वायफाय आपोआप सुधारे. आम्ही राउटर तिथून काढून मधल्या चौकटीशेजारी, डोक्याच्या उंचीवर लावला. संध्याकाळी पुतण्या म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही आणखी चार दिवस राहा.’’

म्हणून राउटर कुठं ठेवू नये ते बघून घ्या. टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटावर नको, मोठ्या आरशामागे नको, फ्रिजशेजारी नको. दिसायला बरा दिसत नाही म्हणून त्याच्यावर भरतकामाचा रुमाल तर मुळीच टाकू नका. तो तापतो आणि अधूनमधून बंद पडतो. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळी जागा सर्वांत चांगली.

पुष्कळ राउटर दोन नावांनी वायफाय देतात. २.४ गिगाहर्ट्‌झचं दूरवर आणि भिंतीपलीकडं जातं, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झचं वेगवान, पण भिंतीपुढं लवकर हात टेकतं. मागच्या खोलीत बसायचं असेल तर पहिलं निवडा, डब्याजवळ बसायचं असेल तर दुसरं. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्या आसपासच्याच लहरींवर चालतो, त्यामुळं तो चालू असेपर्यंत त्या वायफायला अडखळायला होतं. बाजारपेठेत किंवा दाटीच्या अपार्टमेंटमध्ये शेजारपाजारच्या राउटरांचीही गर्दी असते. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळाल्यावर जी कोंडी होते, तशीच ती! अशा ठिकाणी ५ गिगाहर्ट्‌झ बरं पडतं.

आणि शेवटी लॅपटॉप

दोष लॅपटॉपचाच ठरला तर सोप्याकडून अवघडाकडं जा.

पहिलं म्हणजे विमानाचं बटण. ते चालू असेल तर बंद करा, वायफायचं बटण चालू आहे ना बघा. दुसरं, लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करा. नुसता ‘शट डाऊन’ नको. विंडोजमध्ये लवकर सुरू होण्याची सोय असते. तिच्यामुळं शट डाऊन केलं तरी आतलं काही तसंच राखून ठेवलं जातं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं. तिसरं, तारीख आणि वेळ बघा. जुन्या लॅपटॉपचं घड्याळ मागं पडलं की वायफाय जोडलेलं असूनही सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. चौथं, वायफायच्या नावावर जाऊन ‘फरगेट’ करा आणि पासवर्ड नव्यानं घाला. इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं तंतोतंत हवीत.

वायफाय थोडा वेळ चालतं आणि मग तुटतं, असं होत असेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायफाय अडॅप्टरवर जा. तिथं ‘पॉवर मॅनेजमेंट’ दिसलं तर वीज वाचवण्यासाठी हे बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाका. सगळे उपाय थकले तर ‘नेटवर्क रीसेट’. पण त्यानं साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून आधी ते वहीत उतरवून घ्या.

आणि घाई असेल तर? फोन चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपचं वायफाय बंद असलं तरी नेट मिळतं, फक्त केबल नुसत्या चार्जिंगची नको. त्या दिवशी हे मला माहीत असतं तर ना रिक्षा लागली असती, ना पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

जाता जाता एक इशारा. ‘‘तुमचं नेट दुरुस्त करून देतो, एवढं ॲप घ्या’’ असा फोन आपण न बोलावता आला तर सरळ ठेवून द्या. ओटीपी कुणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

फ्रिजवर लावायचा कागद

१. फोनवर वायफाय चालतंय का? (मोबाईल डेटा बंद करून.)
२. डब्यावर लाल दिवा आहे का? असेल तर कंपनीला फोन.
३. डबा बंद, ३० सेकंद, चालू, ३ मिनिटं धीर.
४. डब्याजवळ लॅपटॉप नेऊन पाहिला का?
५. विमानाचं बटण, रीस्टार्ट, तारीख-वेळ, पासवर्ड.
६. घाई असेल तर फोनची केबल.
७. शेवटच्या तारखेचं काम शेवटच्या तारखेला ठेवू नका!

सातवं कलम लेकीनं स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. तिला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला. परवा तिचाच हॉस्टेलमधून फोन आला, ‘‘आई, लॅपटॉपवर नेट येईना गेलंय!’’

मी पोळी तव्यावर टाकली आणि विचारलं, ‘‘शेजारी विचारलंस का?’’