तुरीला ‘वांझ’ म्हणण्याआधी

दसरा जवळ आला, की परसदारच्या तुरीकडे लक्ष जाते. एखादे झाड झुडपासारखे नुसतेच दाटलेले. पाने बारीक, फिकट, वर हिरवे-पिवळे चट्टे. कळी म्हणून धरायची नाही. रनाळ्यात काय नि नंदुरबारात काय, बायका लगेच म्हणतात, ‘वांझ आहे मेली!’ शेतीच्या पुस्तकांतही ‘वांझ रोग’ असेच छापतात. मला हा शब्द ऐकवत नाही. झाडाच्या निमित्ताने तो ओसरीवर बसलेल्या कुणाच्या काळजाला लागेल, हे आपण बायकांनी तरी ओळखू नये का? शिवाय दोष झाडाचा नसतोच.

हा उपद्व्याप एका कोळ्याचा. जाळे विणणारा कोळी नव्हे. हा इतका बारीक, की एका मिलिमीटरात चार-पाच मावतील. त्याला पायही आठ नाहीत, चारच. पानाखाली राहतो, वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावर जातो. करंजाच्या पानांवर फोडांसारख्या गाठी येतात ना, त्या याच्याच भाऊबंदांच्या. तुरीवर हा गाठी करीत नाही. रस शोषताना विषाणू सोडतो आणि झाड फुलायचेच थांबते. बिहारमधल्या पुसा येथील या रोगाची नोंद १९३१ सालची, पण विषाणू हाती लागला २००० च्या सुमारास. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर त्या कामात स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ होते. तिकडे ब्लॅककरंटच्या कळ्या फुगवणारा असाच एक कोळी विषाणू पसरवतो आणि झुडपाला फळ धरू देत नाही. म्हणजे आपल्या वरणाचे आणि त्यांच्या जॅमचे दुखणे एकाच घराण्यातले!

पेरणीनंतर दीड महिन्याच्या आत लागण झाली, तर त्या झाडाच्या शेंगांची आशा सोडावी. लागल्यावर औषध नाही. ‘राहू द्या, येईल फूल’ म्हणत बसू नका. उपटून जाळा, नाहीतर शेजारची झाडेही जातील. आणखी एक. शेंगा काढल्यावर तुरीचे खुंट उन्हाळ्यात पुन्हा फुटतात. हिरवे दिसतात म्हणून आपण ठेवतो, आणि कोळ्याची पावसाळ्यापर्यंतची सोय होते. ते मुळासकट काढावेत. बियाण्यातून हा रोग येत नाही, तेव्हा शेजारणीने दिलेले मूठभर बी खुशाल पेरा. नवेच घ्यायचे तर बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बी.एस.एम.आर. ७३६ किंवा ८५३ मागा. दोन्ही वाण या रोगाला दाद देत नाहीत. पहिल्याचा दाणा लाल, दुसऱ्याचा पांढरा.