दुचाकीस्वाराच्या अंगावरील संवेदक : अपघाताची सूचना आणि दुखापतीचा अंदाज

प्रास्ताविक

मांजरसुंबा ते पाटोदा या मार्गावरील लिंबागणेश हे बीड तालुक्यातील गाव तेथील भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे परिचित आहे. बालाघाटाच्या या चढउताराच्या टापूत दुचाकी हेच शेतकऱ्याचे, शिक्षकाचे आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे रोजचे वाहन होय. गळिताच्या हंगामात जिल्ह्यातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ असते. मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली रात्री दुचाकीस्वाराला दिसते, तेव्हा थांबण्याइतके अंतर बहुधा उरलेले नसते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ एवढी होती.

अशा स्वाराच्या मनगटावर, जाकिटात किंवा हेल्मेटमध्ये संवेदक बसवून अपघाताची सूचना आपोआप पाठविता येईल, ही कल्पना विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि संवेदकाला आदळ कळतो, दुखापत कळत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यास असे उपकरण खोटा दिलासा देणारे ठरू शकते.

संवेदक काय मोजतो?

या उपकरणांचा गाभा म्हणजे त्वरणमापक. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला सूक्ष्म भार धक्क्याने हलतो, त्यामुळे विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलावरून त्वरण कळते. ते गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे ‘जी’च्या पटीत सांगण्याची प्रथा आहे. सोबतचा जायरोस्कोप वळण्याचा वेग मोजतो, तर जीपीएस स्थान व गती सांगतो.

एक साधे गणित पाहू. उभ्या गाडीवरून स्वार कोसळला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर आदळले असे समजू. पडण्याची उंची भागिले थांबण्यास मिळालेले अंतर, एवढ्या ‘जी’चे सरासरी मंदन डोक्याला सोसावे लागते. उघडे डोके अर्ध्या सेंटिमीटरात थांबले, तर हा आकडा ३०० येतो. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर दबून डोक्याला अडीच सेंटिमीटर मिळाले, तर तो ६० वर उतरतो. हेल्मेटचे सारे शास्त्र या दोन सेंटिमीटरांत आहे. आयएस ४१५१ या भारतीय मानकातील आघात-चाचणीचा हेतूही हाच आहे.

आता विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्रास दिसणारा एमपीयू-६०५० हा संवेदक घेऊ. त्याची कमाल मर्यादा १६ जी आहे. त्यापुढील प्रत्येक धक्का त्याला १६ जीच वाटतो. ६० आणि ३०० यांतील फरक, म्हणजे बहुधा जीव वाचणे आणि जाणे यांतील फरक, त्याला दिसत नाही. हातातून फरशीवर निसटलेले हेल्मेटही ही मर्यादा सहज ओलांडते. डोक्यावरील आघात खरोखर मोजावयाचा असेल, तर एडीएक्सएल-३७५ सारखा २०० जीपर्यंत मोजणारा संवेदक हवा. प्रकल्पाचे मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकांनी हा एक प्रश्न तरी अवश्य विचारावा.

खड्डे आणि गतिरोधक यांमुळे खोट्या सूचना येऊ नयेत, म्हणून केवळ धक्क्याच्या शिखरावर विसंबता येत नाही. आधी वाहन गतीत होते काय, नंतर धक्का बसला काय, शरीराचा कोन बदलला काय आणि त्यानंतर हालचाल थांबली काय, असा क्रम तपासावा लागतो. ॲपलने २०२२ मध्ये घड्याळात व फोनमध्ये अपघात ओळखण्याची सोय आणली, तेव्हा रोलर कोस्टरवरून आपत्कालीन सेवेला खोटे दूरध्वनी गेले होते. तीही सोय मुख्यतः मोटारगाड्यांसाठी रचलेली होती. युरोपीय संघाने २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना सक्तीची केलेली ‘ई-कॉल’ व्यवस्था दुचाकीला लागू नव्हती. ज्याच्याभोवती पत्र्याचे कवचही नाही, तोच या सुधारणांत मागे राहिला, हे विचार करण्याजोगे आहे. दुचाकीच्या बाबतीत खरी प्रगती शर्यतीच्या मैदानावर झाली. मोटोजीपी स्पर्धेत २०१८ पासून पोशाखातील एअरबॅग सक्तीची आहे. तेथील संवेदक स्वार जमिनीवर आदळण्यापूर्वीच ती फुगवितो.

दुखापतीचा अंदाज

मेंदूची इजा धक्क्याची तीव्रता, त्याचा कालावधी आणि डोक्याला बसलेला पीळ या तिन्हींवर अवलंबून असते. मनगटावरील प्रकाशीय संवेदक नाडी मोजतो खरा. परंतु रक्तस्रावाने आघातावस्था आली की हातापायांकडील रक्तप्रवाह घटतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी संकेत क्षीण होतो.

याहून गंभीर बाब अशी की कवटी व मेंदूचे बाह्य आवरण यांमध्ये रक्तस्राव झालेला रुग्ण काही काळ शुद्धीवर असतो, बोलतो, स्वतः उठून बसतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. बहुतेक उपकरणांत ‘मी ठीक आहे’ असे कळविण्याची कळ असते. असा रुग्ण ती कळ दाबून घरी निघून जाईल! म्हणून डोक्यावरील आघात ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ही कळ दाबूनही संदेश रद्द होऊ नये, तर ‘तपासणी करून घ्या’ असा दुसरा संदेश नातेवाइकांस जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संदेश कोणाकडे?

स्वस्त प्रकल्पांतील सिम-८०० हा घटक केवळ टूजी जाळ्यावर चालतो. जिओचे जाळे मुळात टूजी नाहीच. तेव्हा ते सिमकार्ड घातल्यास संदेश निघतच नाही. घाटात संकेत नसल्यास संदेश साठवून पुन्हा पुन्हा पाठविण्याची सोय हवी. उपकरण बसविण्यासाठी हेल्मेटचा आतील थर कोरणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. वर हिशेबात घेतलेले दोन सेंटिमीटर तेथेच खर्ची पडतात.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जखमीस मदत करणाऱ्यास कलम १३४-अ अन्वये संरक्षण दिले. मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजनाही अधिसूचित झाली. पण सूचना योग्य माणसापर्यंत पोहोचली, तरच या साऱ्याचा उपयोग. बीड जिल्ह्यातील अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी परजिल्ह्यांत व कर्नाटकात असतात. स्वाराचा संदेश पत्नीच्या किंवा भावाच्या फोनवर फडावर पोहोचला, तर त्या बिचाऱ्यांनी तेथून काय करावे? म्हणून उपकरणातील पहिला क्रमांक वर्षभर गावातच राहणाऱ्या व्यक्तीचा असावा. संदेशात अक्षांश-रेखांशांसोबत रस्त्याचे आणि जवळच्या गावाचे नाव मराठीत यावे. कारण १०८ वर बोलणाऱ्या शेजाऱ्याला तेच सांगता येते.