जन्मतारीख सेम, वय वेगळं!

तुमच्या वर्गात सगळे साधारण एकाच वयाचे. निदान आधार कार्डावर तरी. पण शरीराच्या आत बघितलं, तर कुणाची झीज जास्त झालेली असते, कुणाची कमी. ही झीज मोजता येते का आणि त्यावरून आयुष्याचा अंदाज बांधता येतो का? याचं उत्तर शोधायला काही शास्त्रज्ञ थेट पक्ष्यांच्या मागे लागले.

आधी थोडं बायोलॉजी. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची टोपी असते. तिचं नाव टेलोमिअर. बुटाची लेस उसवू नये म्हणून टोकाला प्लॅस्टिकची नळी असते ना, तसंच काहीसं. पेशी विभागताना ही टोपी थोडी झिजते. खूपच झिजली, की पेशी विभागणं थांबवते. टेलोमिअर गुणसूत्रांचं रक्षण कसं करतात, या शोधाला 2009 चं नोबेल मिळालं.

हे झालं पेशींचं. पण ऊन-पावसात जगणाऱ्या प्राण्याचं काय? तिथे मोठी अडचण असते. एखादा पक्षी दिसेनासा झाला, तर तो मेला की दुसरीकडे उडून गेला, हे कळणार कसं?

इथे कामाला आलं हिंदी महासागरातलं कझिन बेट. सेशेल्स देशातलं हे बेट जेमतेम 29 हेक्टरचं. तिथे सेशेल्स वॉर्बलर हा चिमुकला पक्षी राहतो. आपल्याकडच्या बोरू वटवट्याच्या भाऊबंदांतला. 1960 च्या दशकात जगभरात मिळून हे पक्षी तिसाच्या आसपासच उरले होते. 1968 मध्ये बेट संरक्षणासाठी विकत घेतलं गेलं आणि ते वाचले. हा पक्षी बेट सोडून सहसा जात नाही. त्यामुळे पायात रंगीत कडी घातलेला पक्षी दिसेनासा झाला, म्हणजे तो गेलाच असं धरता येतं. 1980 च्या दशकापासून तिथे एकेका पक्ष्याची नोंद ठेवली जातेय. पक्षी पकडायचा, रक्ताचा थेंब घ्यायचा, सोडून द्यायचा.

2013 मध्ये या नोंदींवरचा निष्कर्ष आला. ज्यांचे टेलोमिअर आखूड किंवा भराभर झिजणारे, ते पक्षी लवकर मरण्याची शक्यता जास्त. नुसत्या वयापेक्षा हा अंदाज बरा ठरला.

मग झीज वाढते कशाने? स्वीडनमधल्या ग्रेट रीड वॉर्बलर पक्ष्यांवरचा 2015 चा अभ्यास बघा. त्यांना हिवाळी मुक्कामात, आफ्रिकेत, मलेरिया होतो. पुढे तो सौम्य स्वरूपात अंगात राहतो, पक्षी वरून ठणठणीत दिसतो. पण अशा पक्ष्यांचे टेलोमिअर लवकर झिजले, ते कमी जगले आणि त्यांना पिल्लंही कमी झाली.

आणि झीज कमी कशाने होते? पुन्हा कझिन बेटावर चला. तिथे काही जोड्यांच्या घरट्यावर मदतनीस असतात. बऱ्याचदा आधीच्या वर्षांतल्या लेकीच. त्या अंडं उबवतात, पिल्लाला भरवतात. 2019 मध्ये दिसून आलं, की अशी मदत मिळणाऱ्या माद्यांचे टेलोमिअर कमी झिजतात आणि उतारवयात त्यांची जगण्याची शक्यताही जास्त टिकून राहते.

आता लगेच ‘तुमचं खरं वय सांगतो’ म्हणणाऱ्या टेस्टवर पैसे उडवू नका. टेलोमिअर आखूड म्हणून पक्षी मेला, असं यातून सिद्ध होत नाही. टेलोमिअर ही सोसलेल्या झिजेची खूण असू शकते. शिवाय अभ्यासात दिसतो तो शेकडो पक्ष्यांचा कल. एकट्या पक्ष्याचं भविष्य त्यातून कळत नाही, मग एकट्या माणसाचं कुठून कळणार?

हां, घरट्यातल्या लेकींची गोष्ट मात्र घरी जपून सांगा. आईच्या कानावर गेली, तर आज भांडी तुमच्याकडे!